पालकाच्या रकान्यात तुमची सही

मोठेबाबा,

पाया पडतो. तब्येत इचारत नाई. पत्र लिहाचं हे माहं काम नाई, तुमाले माईत हाय. नववीत 'मित्राला पत्र लिहा' असा सवाल आला तवा मी सलीमचा मोबाईल नंबर लिहून आलो होतो, अन् खाली लिहलं होतं की फोन करून घेईन. मास्तरनं भोपळा देल्ला. तो पेपर वाचून तुम्ही हसता हसता खोकलत बसले होते, अन् मोठीमाय पानी घेऊन धावली होती. आठवते का?

आज लिहाले बसलो, कारन आज दुपारी मी कॉलेजच्या खिडकीवर तुमच्या सहीचा कागद देल्ला. तारीख तुम्ही जिते असतानाची, अन् सही मी काल केलेली. तुमाले जाऊन दोन महिने होऊन गेले. दुपारपासून जे तोंड कडू झालं ते दोनदा गूळ खाल्ला तरी जाऊन नाई राह्यलं. दुसऱ्या कोनाले सांगावं तर तो म्हनन, त्यात काय मोठं. तुम्ही तसं म्हनलं नसतं.

सुरुवातीपासून सांगतो. आता तुम्ही मधातच "इकास, मेन मुद्दा बोल" म्हनू शकत नाई, तर मी पूरा फायदा घेतो.

तुम्ही ते कॉलेज निवडलं कसं, हे मले आजही कळलं नाई. रोडच्या कडेले, लोकायच्या सोयाबीनच्या वावराच्या मधात उभी तीन मजली इमारत. समोरून काच, मागून नुसत्या इटा. तुम्ही कंडक्टरकीतून रिटायर झाले तवा एसटीनं जे पैसे देल्ले त्यातले बासष्ट हजार काढून तुम्ही माही डी. फार्मची पहिल्या वर्षाची फी भरली. मेहकरच्या स्टँडजवळ मेडिकल टाकाचं, पाटीवर माहं नाव, अन् गल्ल्यावर तुम्ही. "सुट्ट्या पैशाची मले सवय हाय, गल्ला मी पाह्यतो," असं तुम्ही अख्ख्या गल्लीले सांगून ठेवलं होतं. मले कोनी इचारलं होतं का?

बाबा, तुमचे धाकले भाऊ, पुण्याले वॉचमनकी करते, आई तिकडंच लोकायच्या घरी पोळ्या लाटते, अन् मी चौथीपासून तुमच्या घरी. म्हनून फॉर्मवर पालकाच्या रकान्यात तुम्ही तुमचंच नाव लिहलं. लिहाच्या आधी पेन दोनदा झटकला. पेन चांगला चालत होता, मोठेबाबा. मी पाह्यत होतो. ऐट कराले झटकला तुम्ही.

अन् मी तीन हप्त्यात पळालो.

तुमाले वाटलं की मी टवाळक्या कराले पळालो. टवाळक्या तर मी केल्याच. लॅबमधल्या बाटल्यायवर मी चिठ्ठ्या चिटकवल्या होत्या, जिरं, ओवा, सुंठ. सर आले, बाटली उचलली, अन् 'ओवा' वाचून एक मिनिट तसेच उभे राह्यले. सारा वर्ग हसला. पन त्याच दिवशी माह्यासंगं एक गोष्ट झाली ती मी तुमाले नीट सांगतली नाई. चिठ्ठ्या काढून बाटल्या जाग्यावर ठेव म्हने, तर मले ठेवता येईनात. दोन बाटल्यायची इंग्रजी नावं सारखीच दिसत होती, शेवटच्या दोन अक्षरायचा फरक. मी अंदाजानं ठेवल्या. अन् मंग माह्या मनात आलं की उद्या दुकानात बी मी असाच अंदाज केला तर? समोर एखादी बाई तापानं फनफनलेलं लेकरू घेऊन उभी असन, अन् मी तिले अंदाज देईन?

हे असं सरळ सांगाच्या जागी मी तुमाले काय सांगतलं? "मले थो लॅबमधला वास सहन होत नाई." तुम्ही म्हनले, "बासष्ट हजाराचा वास हाय तो, सहन कर." अन् तुम्ही बोलनं बंद केलं.

दोन दिवस तुम्ही माह्याशी बोलले नाई. मंग मी तुमचा चष्मा लपवला. मोठीमायच्या तांदळाच्या डब्यात. तुम्ही सारं घर पालथं घातलं, पेपर डोळ्यापासून हातभर दूर धरून वाचाची कोशिश केली, मोठीमायले दोष देल्ला, अन् शनिवारी संध्याकाळी जेवताना ताटाकडं पाहूनच म्हनले, "इकास, चष्मा दे." मी आनून देल्ला. तुम्ही त्याच्यावरचं तांदळाचं पीठ धोतरानं पुसलं अन् मले इचारलं, "खरं कारन सांग." तवा मी बाटल्यायचं सांगतलं. तुम्ही घास चावत राह्यले. मंग म्हनले, "सोमवारी कॉलेजातून फॉर्म आन. मी सही करतो. अजून तारीख हाय, पैसे वापस भेटतीन."

अन् रविवारी सकाळी अंगनात दात घासता घासता तुम्ही बसले ते बसलेच.

एक दिवस, मोठेबाबा. एक सोमवार तुम्ही थांबू शकले नाई? तीस वर्षं तुम्ही म्हाताऱ्या बायायसाठी गाडी थांबवली, डायव्हरच्या शिव्या खाल्ल्या. मले घंटी मारून मोकळे.

तुमाले लेकरू नाई म्हनून अग्नी मी देल्ला. डोकं भादरलं. अन् आपल्या लोकायची रीत तर तुमाले माईतच हाय. अग्नी देनाऱ्यानं तेरवीपर्यंत घराभायेर पडाचं नाई, कोनाले शिवाचं नाई, हातात लोखंडाचं काही धरून कोपऱ्यात बसाचं. मले मोठीमायचा अडकित्ता देल्ला. मी तेरा दिवस अडकित्ता घेऊन घोंगडीवर बसलो.

फी वापस घ्याची शेवटची तारीख होती अकराव्या दिवशी.

मले माईत होतं. तारीख मोबाईलमध्ये मांडून ठेवली होती, सकाळी ती वाजली बी. मी धामनगावच्या आत्याले म्हनलं, "आत्या, कॉलेजात एक अर्ज द्याचा हाय, दोन घंट्यात येतो वापस." आत्यानं असं पाह्यलं जसा मी तमाशाले चाललो.

"भाऊ वरती वाट पाहून राह्यला अन् तुले पैसे सुचून राह्यले? सुतकात अग्नीवाल्यानं कागदाले हात लावाचा नसते. पेन धरू नको, मोबाईलबी ठेव थो."

बाबा बाजूलेच होते, पुण्याहून आलेले. मी त्यायच्याकडं पाह्यलं. ते म्हनले, "आत्या म्हनते तसं कर. दोन दिवसानं काय होते? कॉलेजवाले बी मानसंच हायेत."

कॉलेजवाले बी मानसंच हायेत. हे वाक्य मी अंगनात लिहून ठेवनार हाय, अन् रोज त्याच्यावर चुळ टाकनार हाय.

पन दोष कोनाले देऊ? मी बसलो ना. मी, ज्यानं जिंदगीत कोनाचं आयकलं नाई, शाळेच्या भिंतीवरून पळालो, लग्नात नवरदेवाचे बूट नाई तर भटजीचे बूट लपवले, तो मी त्या दिवशी शहान्या लेकरासारखा घोंगडीवर बसलो. काऊन बसलो? कारन मले वाटलं, उठलो तर तुमाले वाईट वाटन. आता मले वाटते, तुम्ही असते तर पाठीत एक हानला असता अन् आठची गाडी पकडून देल्ली असती.

चौदाव्या दिवशी गेलो. फीच्या खिडकीवर जो बाबू बसते तो तुम्ही पाह्यला हाय. तोंडात कायम गुटखा, रस सांडू नाई म्हनून हनुवटी वर करून बोलते. तुमची पावती फाडताना त्यानं तुमाले 'काका, या, बसा' म्हनलं होतं अन् पंखा तुमच्याकडं फिरवला होता. पैसे घेताना पंखा फिरते त्याचा.

मले म्हनते, "टक्कल काऊन केलं बे, रॅगिंग झाली का?" मागचे दोघंतिघं हसले.

"मोठेबाबा वारले माहे."

"अच्छा." गुटखा या गालातून त्या गालात गेला. तेवढाच दुखवटा. "काय काम होतं?"

"प्रवेश रद्द कराचा हाय. फी वापस पाहिजे."

"तारीख गेली. नोटीस लागली होती भायेर."

"सुतक होतं. अग्नी मीच देल्ला."

"सुतक तुह्या घरी. कॉलेजले सुतक नसते."

मंग त्यानं टेबलाखालून एक छापील कागद काढला. छापील, म्हंजे इचार करा, असे किती लोक येत असतीन. त्याच्यावर लिहलं होतं, 'मी स्वखुशीने प्रवेश रद्द करीत असून भरलेल्या फीवर माझा अथवा माझ्या पालकांचा कोणताही हक्क राहणार नाही.' म्हने याच्यावर सही कर, टीसी अन् मार्कशीट घेऊन जाय. नाई करत तर टीसी बी इथंच राह्यन.

स्वखुशीने. हा शब्द मी तीनदा वाचला. एवढा घान शब्द मी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर बी वाचला नाई.

सही केली नाई मी. घरी आलो. मोठीमायनं इचारलं, "कवा भेटतीन पैसे?" मी म्हनलं, "प्रोसेस चालू हाय." तिनं मान हलवली. तिले प्रोसेस म्हंजे काय माईत नाई, मले बी नाई. पन ते पैसे तिचे हायेत एवढं मले माईत होतं. तुमची पेन्शन केवढीशी, तिची अर्धी तिच्या नावावर व्हाले अजून कागद फिरून राह्यले. घरात आता जे बासष्ट हजार असाले पाहिजे होते ते त्या बाबूच्या तिजोरीत हायेत, अन् ते माह्यापायी तिथं गेले.

दोनदा अजून गेलो. तिसऱ्या खेपेले बाबू मले मागं पान्याच्या टाकीपाशी घेऊन गेला. तिथली भिंत कमरेपर्यंत लाल हाय, सारी त्याचीच मेहनत. थुंकला अन् म्हनला, "तू चांगल्या घरचा दिसतं. एक रस्ता हाय. मागच्या तारखेचा अर्ज आन."

"मागच्या तारखेचा कसा चालन? तुमच्या रजिस्टरले नंबर लागते ना?"

"अरे, आवक रजिस्टरमध्ये दर हप्त्याले एक लाइन मोकळी सोडतो मी. कोनाले कवा काम पडन, सांगता येते का?" असा बोलला जसा धर्माची पानपोई लावली त्यानं. "फक्त पालकाची सही पाहिजे."

"पालक वारले ना. सांगतलं होतं तुमाले."

"त्या तारखेले तर जिते होते ना? मंग." अन् हसला. दात पाह्यले मी त्याचे. "दहा हजार इथं, बाकीचे तुहे. सही कोनाची हाय ते कोन तपासते?"

आता हसू येते मोठेबाबा, पन खरं सांगतो. जिंदगीत पह्यल्यांदा कोन्या मोठ्या मानसानं मले खोटी सही कर म्हनलं. आजपर्यंत सारे त्याच्यापायी मारत आले.

तुमची सही मी सातवीपासून करतो. तुमाले आठवीत कळलं. प्रगती पुस्तक घेऊन मास्तर तुमच्याच गाडीत चढले, लोनारपर्यंतचं तिकीट काढलं, अन् पुस्तक तुमच्या पुढं धरलं. घरी आल्यावर मले वाटलं आता पट्टा निघते. तुम्ही सही डोळ्याजवळ नेली, दूर नेली, अन् म्हनले, "माह्यापेक्षा बरी हाय. पन खाली मी दोन रेघा मारतो, तू एकच मारली. चोरी कराची तर नीट पाहून कर." अन् त्या दिवशीपासून तुम्ही घरात माही इज्जत अशी काढली की मोठीमाय दूधवाल्याच्या हिशेबावर बी मले म्हनाची, "मारून दे यायची सही, ते झोपले हायेत." तुम्ही मले मारलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटते.

काल संध्याकाळी बसलो. मागच्या तारखेचा अर्ज लिहला. मंग कच्च्या कागदावर हात बसवाले सही करून पाह्यली. पह्यलीच बरोबर आली. दोन रेघा, सारं. मी अजून केली. अकरा सह्या केल्या एका खाली एक. एकबी चुकली नाई. मले वाटत होतं एखादी तरी चुकाव. पेन अडाव, काहीतरी व्हाव. हात असा चालला जसा तुमचाच.

तेवढ्यात मोठीमाय आली. कागद उचलला. तिनं पाह्यलं अन् कागदावरून बोट फिरवलं.

"हे कवा केल्या त्यायनं?" म्हने. "पेन्शनच्या कागदासाठी केल्या असतीन का? कुठं सापडल्या तुले?"

मले वाटलं जमीन फाटाव. मी म्हनलं, "मोठीमाय, मी केल्या."

तिनं कागद खाली ठेवला. हात पदराले पुसला, जसं काही लागलं त्याले. मंग मी सारं सांगतलं. तारीख गेली ते, छापील कागद, टाकी, दहा हजार. प्रोसेस चालू नाई हे बी सांगतलं. मले वाटलं रडन, नाईतर मले हानन. तिनं सारं आयकलं अन् म्हने, "कर मंग."

"काय?"

"सही कर अर्जावर. सोमवारी ते करनारच होते ना? मी होती त्या टायमाले, वाढत होती. माह्या समोर बोलले ते. खोटं काय हाय त्याच्यात? पैसे आन."

तिचं चुकलं असं मी म्हनत नाई. गनित बरोबर हाय तिचं. तुम्ही करनार होते, फक्त मेले मधात. मी अर्जावर सही केली.

आज सकाळी दहा हजार सलीमच्या चाचाकडून उसने घेतले. त्यायच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात मी आता बसतो, हे तुमाले सांगाचं राह्यलंच. जळालेल्या मोटरा उघडतो, तारेचे वेढे मोजतो. मोजताना बोलत नाई म्हने मी. चाचा बी चाट पडले. पुढच्या साली आयटीआयले जाईन म्हनतो, म्हनून तर टीसी पाहिजे.

कॉलेजात खिडकीवर लाइन होती. माह्या मागं एक चाचा होते, सफेद टोपी, शर्टाच्या वरच्या खिशात चार वेळा घडी केलेली पावती, अन् सोबत त्यायची पोरगी, माह्याएवढीच. मी अर्ज खिडकीतून आत सरकवला. बाबूनं अंगठा जिभेले लावला अन् कागद पलटला. त्याचा अंगठा बरोबर तुमच्या सहीवर पडला, मोठेबाबा. तांबडा, वला अंगठा. खालची रेघ पसरली.

"झकास," म्हने. "म्हाताऱ्याचा हात साफ होता. जाय, टाकीपाशी थांब, येतो मी."

मी हललो नाई. तेवढ्यात मागचे चाचा वाकले. "बाबूसाहेब, बच्चीची तब्येत बिघडली, ॲडमिशन कॅन्सल कराची हाय. तारखेले दवाखान्यात होतो आमी. फीस कुछ वापस मिलेगी क्या?"

"तारीख गेली चाचा. हे सही करा, टीसी घेऊन जा."

तोच कागद. चाचानं वाचला नाई, खिशातून पेन काढला अन् टोपन उघडलं. पोरगी म्हनत होती, "अब्बा, पढो तो सही." ते म्हनले, "साहेब दे रहे हैं बेटा, बराबर ही होगा."

तिथं मले काय झालं ते मले माईत नाई. मी खिडकीतून हात घालून माहा अर्ज वापस ओढला. अन् तुमचा आवाज काढला. तो, नाकातून निघनारा, ड्युटीवरचा. पूरा हॉल घुमाव असा.

"चला, पुढं सरका, पुढं सरका, मागून लोक चढून राह्यले! फी वापस, दहा हजार, दहा हजार! सुट्टे घेऊन बाबूच्या टाकीपाशी या! मागच्या तारखेचं तिकीट भेटन! मेलेल्यायच्या सह्या चालतीन! चाचा, पेन ठेवा खिशात, तुमची गाडी ही नाई!"

मंग सारी लाइन हसली. चाचा नाई हसले, पन त्यायनं टोपन लावलं. बाबूची हनुवटी खाली आली अन् रस त्याच्याच शर्टावर सांडला. तो उठला, माह्या हातातला कागद हिसकाले. मले वाटलं, हा कागद याच्या हातात गेला तर हाच पोलिसाले दाखवन की पाहा, पोरानं खोटी सही केली. मी सहीचा तेवढा तुकडा फाडला अन् तोंडात टाकला. चावला अन् गिळला.

त्याच्या थुंकीसकट, मोठेबाबा. आतापर्यंत तीनदा चुळा भरल्या.

प्राचार्यायनं केबिनमध्ये बोलावलं. ते शुद्ध बोलतात. "काय तमाशा लावलाय? कर्मचाऱ्यावर आरोप करतोस, पुरावा आहे काही?"

"होता सर. खाल्ला."

त्यायनं चष्मा काढला अन् डोळे चोळले. हसू आलं का राग, ते मले कळलं नाई. मी सारं सांगतलं, खोटी सही मी केली हे बी सांगतलं. अकरावा दिवस, अडकित्ता, सारं. मंग म्हनले, "नवा अर्ज दे. आजच्या तारखेचा, खऱ्या कारणाचा. मृत्यूचा दाखला जोड. संस्थेपुढे ठेवतो. पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. आणि पालकांची सही लागेल. खरी."

"पालक वारले सर."

"दुसरे कोणी नसतील का घरी? वडील?"

मी म्हनलं, पाह्यतो. येताना गाडीतून बाबाले फोन लावला. ते म्हनले, सुट्टी भेटत नाई, आत्ताच तेरा दिवस राह्यलो, पगार कापला, होळीले येतो तवा पाहू. होळीपर्यंत ते पैसे वावरातल्या त्या इमारतीचा चौथा मजला होतीन.

घरी आलो तर मोठीमाय अंगनात तूर पाखडून राह्यली होती.

"आनले?"

"नाई."

"अन् सही?"

"खाल्ली."

"काय खाल्ली?"

मी सांगतलं. लाइनीतल्या टोपीवाल्या चाचाचं सांगतलं, तुमचा आवाज काढला ते सांगतलं, तर तिचं सूप थांबलं. मले वाटलं हसन. म्हने, "सलीमच्या चाचाचे दहा हजार वापस देल्ले का?" देल्ले म्हनलं. मंग ती परत पाखडाले लागली अन् घंटाभर माह्याशी बोलली नाई. मी शेजारी बसून खडे निवडत राह्यलो. तिचा राग मी समजतो. हातात आलेले बावन्न हजार मी त्या टोपीवाल्या चाचाच्या पेनाच्या टोपनापायी घालवले. तुम्ही असते तर माह्या बाजूनं बोलले असते का, का तिच्या? खरं सांगा.

मंग तिनंच तोंड उघडलं. "पालक म्हंजे कोन असते रे कागदावर?"

"ज्याच्या घरी पोरगा राह्यते, जो त्याचं पाह्यते, तो."

"तू कोनाच्या घरी राह्यतं?"

मी हातातला खडा बाजूले टाकला.

"दहा वर्षं डबा कोन भरून देऊन राह्यलं तुले? तांदळाच्या डब्यात चष्मा लपवतं, तो डबा कोनाचा?" सूप खाली ठेवलं तिनं. "माही सही चालत नाई का तिथं?"

मोठेबाबा, दोन महिने झाले. मी, बाबा, आत्या, तो बाबू, कोनालेच हे सुचलं नाई. मेलेल्या मानसाची खोटी सही सुचली. घरात बसलेल्या बाईची खरी नाई सुचली. तारीख बाकी होती तवा बी ती घरातच होती, अन् मी बाबाच्या तोंडाकडं पाह्यत बसलो. त्या बाबूची किळस येते मले, पन सारी त्याच्यावरच ढकलून देता येईना.

तिची सही तुम्ही पाह्यली हाय का नीट? मी बँकेत पाह्यली. ती नाव, तुमचं नाव, आडनाव, सारं लिहते, एक एक अक्षर थांबून. मागचे लोक घड्याळ पाह्यतात. उद्या आठच्या गाडीनं ती येनार हाय. चांगलं लुगडं काढून ठेवलं तिनं, मृत्यूचा दाखला पिशवीत टाकला, अन् मले म्हने, "तू तोंड उघडाचं नाई तिथं. मी बोलीन."

म्हनून तुमाले कबूल करतो. उद्या मी तिच्या मागं उभा राहीन अन् ती आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचते तोवर कोनाले तिले घाई करू देनार नाई. तोंड बी उघडनार नाई. पैसे भेटले तर तिच्या हातात देईन, नाई भेटले तर परत दुसऱ्या दिवशी आठची गाडी. 'स्वखुशीने'वाल्या कागदावर ना माही सही होईन ना तिची. अन् तुमची सही मी आता कुठंच करनार नाई, दूधवाल्याच्या हिशेबावर बी नाई. तुमचा आवाज तेवढा काढीन कधीमधी, तो नाई सोडत.

तुमचा,
इकास